सोळा स्क्रू आणि मधला नट

मी एक चाक बोलतोय. बैलगाडीचं नव्हे, मोटारीचंही नव्हे. रिमोटवर चालणाऱ्या छोट्या ट्रकचं. रबरासकट धरलं तर माझा घेर चहाच्या बशीएवढा. एवढ्याशा चाकाला सांगण्यासारखं आयुष्य ते काय असणार, असं तुम्हाला वाटेल. फार नाहीच. दीड-दोन वर्षांचं आहे. पण माझ्यावरून एका घरातली दोन माणसं आठ महिने एकमेकांशी बोलली नव्हती. ते मी जवळून पाहिलं, म्हणून सांगतो.

माझा जन्म बेळगावच्या उद्यमबागेतला. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये राजकुमार नावाचे टर्नर होते. वडगावच्या विणकरांच्या घरातले. घरचे सगळे साड्या विणायचे, हे एकटेच लेथवर आले. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यांनी अॅल्युमिनियमचा एक उरलेला तुकडा यंत्रात पकडला आणि शेजारी उभ्या असलेल्या पूर्णिमाला विचारलं, "किती लावू गं? नीट माप सांग, नंतर कुरकुर चालायची न्हाय."

पूर्णिमा त्याच वर्कशॉपमध्ये तयार मालाची मापं तपासायची. उचगावची. वय अठ्ठावीस. खिशात पेनाच्या जागी तिच्याकडे मिलिमीटरचे भाग मोजणारा व्हर्नियर असायचा. तिनं कागदावर माझं चित्र काढून आणलं होतं आणि त्यावर प्रत्येक आकडा दोनदा लिहिला होता.

"अण्णा, बाहेरची रिंग वेगळी करा. रबराची कड रिम आनि रिंग यांच्या मधे दाबून धरायची. आठ स्क्रू बाहेरनं, आठ आतनं."

"सोळा स्क्रू? चार चाकांचे चौसष्ट? आनि त्यो ग्लू काय वाईट हाय?"

"ग्लूनं चिकटवलं की सुटत न्हाय, अण्णा."

"सुटू नये म्हनूनच चिकटवत्यात की!"

राजकुमार हसले, पण त्यांनी मला घडवलं. आम्ही चौघं भाऊ त्या आठवड्यातल्या दुपारच्या सुट्ट्यांमध्ये जन्मलो. आमच्या जातीला बीडलॉक म्हणतात. रबर आम्हाला चिकटवलेलं नसतं, रिंगांनी आवळलेलं असतं. स्क्रू काढले की रबर बाहेर येतं, नवं घालता येतं. पूर्णिमानं मला वर्कशॉपच्या काट्यावर ठेवलं. एकशे दहा ग्रॅम भरलो. प्लॅस्टिकचं साधं चाक पस्तीस भरायचं. तिनं तो आकडाही दोनदा लिहून घेतला.

ती माझ्या मागे का लागली होती, ते मला पुढे तिच्या घरी गेल्यावर कळलं.

पूर्णिमानं आणि तिच्या धाकट्या भावानं मिळून तो ट्रक घेतला होता. भाऊ आदर्श, चोवीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, एका शोरूमच्या सर्व्हिसिंगमध्ये कामाला. रविवारी दोघं स्कूटरवरून गावाबाहेरच्या जुन्या चिऱ्याच्या खाणीत जायची. तिथे आणखी पाच-सहा जण आपापल्या गाड्या घेऊन यायचे आणि मोठाली माणसं गुडघ्यावर बसून हातभर ट्रकला दगडावर चढवायची. ट्रकसोबत आलेली चाकं चिकटवलेल्या रबराची होती. जांभ्या दगडानं एका हंगामात ती फाडली. रबर फाटलं, पण रिम धडधाकट. नवं रबर घालायचं तर जुना ग्लू सुटेना. पूर्णिमानं आईच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात रिम टाकल्या. घरभर वास सुटला. आई मालुबाईंनी ते पातेलं अंगणात भिरकावलं आणि म्हणाल्या, "आता ह्यात तुमचीच चाकं शिजवा आनि तीच खावा."

रबर फाटलं म्हणून चांगली रिम टाकून द्यायची, हे पूर्णिमाला पटत नव्हतं. एवढंच. माझ्या जन्मामागे याहून मोठं कारण नाही.

सुरुवातीचे महिने बरे गेले. खाणीत मी माझं वजन राखून चालायचो. उताराला गाडी उलटायची नाही. एकदा आम्ही कणकुंबीलाही गेलो. तिथल्या ओढ्यात गुडघाभर पाण्याच्या कडेकडेनं दोघांनी तासभर ट्रक चालवला. घरी आल्यावर पूर्णिमानं माझे स्क्रू काढले, रबराच्या पोकळीत भरलेला फोम पिळून वाळत घातला. चिकटवलेल्या चाकात शिरलेलं पाणी आतच राहतं. आदर्श शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "हे मात्र चांगलं हाय, आक्का." माझ्याबद्दल तो बोललेलं एवढंच चांगलं वाक्य मला आठवतं.

मग आदर्शच्या डोक्यात वेग शिरला. त्यानं ट्रकला जोरकस मोटर बसवली. सांबऱ्याजवळच्या एका मोकळ्या मैदानावर त्यांच्या मंडळींनी शर्यत ठेवली होती.

"आद्या, ही चाकं जड हायत. पळवायची न्हाईत ती," पूर्णिमानं सांगितलं.

"मग दुसरी कुठं हायत?"

"तर मग दर फेरीनंतर स्क्रू बघत जा. थरथरीनं सैल होत्यात."

"बघतो."

त्यानं एकदा पाहिले. दुसऱ्यांदा नाही. खरं सांगायचं तर त्या वेगासाठी मी नव्हतोच. आमच्या वजनानं ट्रक थडथडत होता. तिसऱ्या फेरीला माझ्या डावीकडच्या भावाची रिंग सुटली, रबर बाहेर आलं, ट्रक तीन कोलांट्या खाऊन पडला आणि भाऊ उसळून पलीकडच्या गटारात गेला. तो पुन्हा सापडला नाही. आदर्श तोपर्यंत पहिला होता.

लोक हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, असे ट्रक रोज उलटतात. पण आदर्शचा चेहरा लाल झाला. पूर्णिमा गाडी उचलायला आली, तेव्हा तो सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाला, "मापं घेणं वेगळं आनि गाडी चालवणं वेगळं. तुला त्यातलं काय कळतंय? पुन्हा माझ्या गाडीला हात लावू नको."

'आपल्या गाडीला' म्हणाला असता तर कदाचित पुढचं टळलं असतं. पूर्णिमानं तिथेच खाली बसून आम्हा तिघांना काढलं, रुमालात बांधलं आणि ती बस धरून एकटी घरी आली. आम्हाला बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात घालून तिनं माळ्यावर ठेवलं.

डब्यातल्या आठ महिन्यांबद्दल माझी तक्रार नाही. धातूला अंधाराचं काही वाटत नाही. ऐकू मात्र सगळं यायचं. माणसं एकाच घरात राहून न बोलण्यासाठी किती कष्ट घेतात! ताटं वाढली की पूर्णिमा म्हणायची, "आई, जेवायला ये म्हणावं." तीन हातांवर बसलेला आदर्श म्हणायचा, "आई, आलो म्हणावं." मालुबाई पहिल्या आठवड्यात निरोप पोचवायच्या. मग कंटाळल्या. "मी काय टपाल वाटाय बसलोय काय रं?" असं म्हणून त्या आपल्या ताटाकडे बघायच्या. वडील भरमाआप्पा शेतावरून दमून यायचे. मुलांचं काय बिनसलंय हे त्यांना ठाऊक होतं, पण चाकावरून इतकी वर्षं एकत्र वाढलेली मुलं तुटतात हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं.

त्या दिवसांत आदर्शनं प्लॅस्टिकच्या रिम आणून त्यांना रबर चिकटवलं. सोप्यात बसून, रिम स्पिरिटनं पुसून, कडेला थेंब थेंब ग्लू सोडून, वरून रबरबँड आवळून. फार मन लावून करत होता, हे डब्यातून नुसत्या आवाजावरूनही कळत होतं. चाकं हलकी झाली. गाडी सुसाट पळायला लागली. पुढच्या शर्यतीत तो दुसरा आला, हे त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून मला कळलं. घरात त्यानं ते कुणालाच सांगितलं नाही, कारण ज्या माणसाला सांगायचं तिच्याशी बोलणं बंद होतं. मालुबाईंना दुसरा आणि दहावा सारखाच.

मार्चमध्ये शेतावर एक अडचण आली. त्यातलं सुरुवातीचं मला तिथे गेल्यावर त्यांच्या बोलण्यातून कळलं.

भरमाआप्पांचं शेत रस्त्याच्या एका बाजूला आणि विहीर दुसऱ्या बाजूला. वीज शेताकडच्या खोलीतून विहिरीवरच्या मोटरला खांबांवरून जायची. रस्ता रुंद करताना खांब काढले, आणि वायर नेण्यासाठी रस्त्याखालून फूटभर रुंद सिमेंटचा पाइप टाकून दिला. एकशे दहा फूट लांब. पाइप टाकणाऱ्यांनी दोर आत घालून ठेवायला हवा होता. ठेवला नाही. आता वायर आत ढकलली की मधेच अडायची. बांबू जोडून पाहिले, इलेक्ट्रिशियनची पोलादी पट्टी घालून पाहिली. मधला एक सांधा खचून दोन बोटं वर आला होता, तिथे सगळं थांबायचं. शेतात कोबी उभा होता आणि तीन दिवस पाणी नव्हतं.

रस्त्याच्या कामावरचा सुपरवायझर कन्नड बोलणारा, सभ्य माणूस होता. पण त्याच्याही डोक्यावर वरचे होते. "नाळे," तो म्हणाला, म्हणजे उद्या. उद्या दोन्ही बाजूंचं दगडी बांधकाम होणार, पाइपाची तोंडं बंद होणार. वायर आज गेली तर गेली. नाहीतर रस्ता खोदायच्या परवानगीसाठी हेलपाटे, आणि तोवर कोबी संपला.

शनिवार होता. आदर्श अर्धा दिवस काम करून शेतावर आला आणि म्हणाला, "आप्पा, माझा ट्रक दोर घेऊन जाईल."

आप्पांनी वाकून पाइपाच्या तोंडात पाहिलं. मग म्हणाले, "जाईल काय रं खरंच?"

ट्रकच्या डोक्यावर बारीक टॉर्च बांधला, मागे नायलॉनची दोरी. आदर्श शेताकडच्या तोंडाशी पालथा झोपला. गाडी बाहेर आली की दोरी धरायला पलीकडच्या तोंडाशी कुणीतरी हवं होतं. पूर्णिमा आपण होऊन तिकडे जाऊन बसली. दोघांच्या मधे रस्ता, आणि रस्त्यावरून जा-ये करणारे आप्पा.

"आप्पा, तिला सांगा, उजेड दिसला की आवाज दे म्हणावं."

"आप्पा, त्याला सांगा, आत पाणी हाय म्हणावं."

आप्पांनी हे चार वेळा ऐकलं, चार वेळा रस्ता ओलांडला. पाचव्यांदा रस्त्याच्या मधोमध थांबून म्हणाले, "ट्रकवाल्यानं मला उडवला तर मग बोलशिला काय एकमेकासंगं?"

ट्रक साठ फुटांपर्यंत गेला. खचलेल्या सांध्याशी त्याची पुढची चाकं वर उचलली जायची, नाक आकाशाकडे व्हायचं आणि तो मागे घसरायचा. हलकी चाकं चिखलात गरगर फिरायची. वीस-पंचवीस वेळा झालं. शेवटी आदर्शनं दोरीनं गाडी मागे ओढून घेतली, तेव्हा पुढच्या एका चाकाचं रबर कडेनं सुटून लोंबत होतं. त्यानं ते बोटानं परत दाबून पाहिलं. चिखलात ग्लू धरत नाही.

पूर्णिमानं रस्ता ओलांडून येऊन ते पाहिलं, आप्पांकडे स्कूटरची चावी मागितली आणि ती घरी आली. माळ्यावरून डबा खाली आला. आठ महिन्यांनी झाकण उघडलं. तिनं आम्हा तिघांना हातात घेऊन स्क्रू एक-एक करून आवळून पाहिले. हात घाईत होते.

शेतावर ती आदर्शसमोर बसली आणि डबा मधे ठेवला. तीन चाकं होती, ट्रकला चार लागतात. आदर्शनं डब्यात पाहिलं. मग आप्पांकडे न पाहता, सरळ तिच्याकडे पाहून म्हणाला, "पुढं ही दोन लाव. मागं माझी असू देत. नाक खाली ऱ्हायला पाहिजे."

"वजनानं?"

"व्हय. वजनानंच चढंल ते."

आठ महिन्यांतलं हे पहिलं बोलणं. त्यात माफी नव्हती, रागही नव्हता. वजन होतं. पूर्णिमानं मान हलवली आणि दोघं कामाला लागली. मी पुढचा उजवा. मला दांड्यावर चढवून मधला नट लावला. तो नट कुणी आवळला हे मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

आणखी एक अडचण होती. सांध्याच्या पलीकडे गेलेला ट्रक आदर्शला दिसणार नव्हता. उंचवट्यामागे टॉर्चचा उजेड झाकला जायचा. तिथून पुढे फक्त विहिरीच्या बाजूनं दिसलं असतं.

"सांध्यापर्यंत मी आनतो," आदर्श म्हणाला. "पुढं तू घे."

पूर्णिमानं विचारलं, "मी?"

"मग काय आप्पा चालवनार?"

पूर्णिमा रस्ता ओलांडून विहिरीकडच्या तोंडाशी गेली आणि मी पाइपात शिरलो. थंड सिमेंट, घोटाभर चिखल. सांध्याशी आलो. माझ्या वजनानं नाक खाली राहिलं, रबर सांध्याच्या कडेला चावलं, एकदा घसरलं, दुसऱ्यांदा धरलं. मागून आदर्शची हलकी चाकं रेटत होती. आम्ही वर चढलो आणि पलीकडे टेकलो. मागून आदर्शचा आवाज पाइपातून घुमत आला, "गेलं! आप्पा, रिमोट न्या तिकडं, पळा!"

आप्पा रस्त्यावरून कसे पळाले ते मला दिसलं नाही. थोड्या वेळानं चाकं हलली, हळू, मोजून मापून. पूर्णिमा चालवत होती. दहा फूट गेलो असू. आणि माझ्या मधला नट फिरत फिरत दांड्यावरून निसटला. मी बाजूला कलंडलो आणि चिखलात आडवा पडलो.

गंमत बघा. इतके महिने ज्यावरून वाद झाला, त्यातलं काहीच सुटलं नव्हतं. माझे सोळाच्या सोळा स्क्रू जागेवर होते. मागचा ग्लूही टिकला होता. सुटला तो नट, जो दोन्ही तऱ्हेच्या चाकांना सारखाच लागतो आणि ज्याच्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता.

ट्रक थांबला. विहिरीच्या बाजूनं पूर्णिमाचा आवाज आला, "आद्या! पुढचं चाक गेलं रं!"

दुसऱ्या बाजूनं आदर्श ओरडला, "थांबू नको आक्का! मागची दोन ढकलत्यात! डावीकडं धर!"

"वाकडं जायलंय!"

"जाऊ दे वाकडं! तू चालव! तुला जमतंय!"

दोघांचे आवाज दोन तोंडांनी आत येत होते आणि माझ्यावरून एकमेकांकडे जात होते. मधे आप्पा नव्हते, मालुबाई नव्हत्या. एकशे दहा फुटांचा पाइप आणि त्यात पडलेला मी. इतकं एकमेकांना हाका मारणं मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. ट्रक तीन चाकांवर खरडत गेला. दोरी माझ्या अंगाला घासत पुढे सरकत राहिली. मग बराच वेळ नुसता खरवडल्याचा आवाज, आणि एकदम आप्पांचा: "आलं! अगं आलं की गं, पोरी!"

त्या दोरीनं जाड दोर ओढला, दोरानं काळी वायर. वायर माझ्या कडेनं घसटत गेली आणि मला भिंतीशी दाबून स्थिर झाली. सूर्य कलला तेव्हा पाइपाच्या विहिरीकडच्या तोंडाशी पूर्णिमा वाकली होती.

"आद्या, चाक आतच हाय. काढू काय?"

"न्हाय निघत आता. वायर हाय की मधे. राजकुमार अण्णांकडनं दुसरं करून घेऊ." मग तो म्हणाला, "खरं, पुढच्या वेळी चिकटवूया. हलकं पडतंय."

"खुळा हायस काय तू? आज कशानं चढलं?"

"मागनं कुणी रेटलं?"

"घरी चल. जेवताना भांडू."

हे मी ऐकलेलं शेवटचं वाक्य. दुसऱ्या दिवशी दोन्ही तोंडांवर दगड आणि सिमेंट आलं. वायरपुरती जागा ठेवली, आवाजापुरती नाही. त्यानंतर ती दोघं बोलतात की नाही, माझ्यासारखं दुसरं चाक झालं की चिकटवलेलीच घेतली, मला कळायला मार्ग नाही.

आता माझ्यावरून बस जातात, टेम्पो जातात. थोडी थरथर येते, बाकी काही नाही. दिवसातून एकदा वीज येते आणि माझ्या अंगाला टेकलेली वायर किंचित कोमट होते. म्हणजे मोटर चालू झाली. तीन-चार तासांनी ती पुन्हा गार होते. तेवढ्यावर माझा दिवस कळतो.

तुमच्यापैकी कुणी चाक बसवत असेल, स्क्रूचं असो वा ग्लूचं, तर मधला नट आणखी एक आटा फिरवा. बरं, येतो. वायर कोमट व्हायला लागली.